कीव करू नगं

"काप! कीव करू नगं. कीव केली का भुरी शेजारच्या झाडावर जाती."

पवन मावळातल्या आमच्या गुलाबाच्या पॉलीहाऊसमध्ये तुम्ही आला असतात, तर मावशींच्या आधी त्यांचा हा आवाज भेटला असता. बायकांच्या त्या मुकादम, मी पॅकिंगला. पानावर भुरी रोगाचा पांढरा ठिपका दिसला की कळ्यांनी भरलेली फांदीही त्या कचकन कापत. नवी पोरगी हळहळली तर म्हणायच्या, "घरी ने अन् पूजा कर तिची." सगळ्या त्यांना टरकून असायच्या. मीसुद्धा.

मावशींच्या मूत्रपिंडात कॅन्सर निघाला. "मग काढा की! लोणचं घालायचंय का त्याचं?" म्हणत त्या ऑपरेशनला गेल्या. टाके सुकल्यावर कामावर येऊन पेढे वाटले. "समदं काढलं. पोरगा म्हनला, डाक्टरनीच सांगितलं."

पोरगा आमच्याकडेच फुलांची गाडी चालवायचा. डॉक्टरांनी त्याला वेगळंच सांगितलं होतं. फुप्फुसात दोन गाठी आहेत, त्याही काढू, लवकर आणा. पण भावकी जमली आणि सगळ्यांचं एकच, चाकू लागला की कॅन्सर पसरतो. पोरगा घाबरला. आईला त्याने गाठींचं कळूच दिलं नाही.

खोकला हटेना, तेव्हा मावशी एकट्याच डॉक्टरांकडे गेल्या. गाठी आता काढण्यापलीकडे गेल्या होत्या, आणि पोराला त्या आधीच सांगितल्या होत्या हेही तिथंच कळलं. तिथून त्या थेट पॉलीहाऊसवर आल्या. पोरगा गाडी भरत होता.

"आई, चाकूनं पसरतं म्हनले समदे. तुझी कीव आली गं."

"मी रोज कापते. कापल्यानं कुटं पसरलेलं बघितलंस? अर्धं ठिवल्यानं पसरतं."

तो सगळ्यांदेखत रडला. मावशी कटर घेऊन आपल्या ओळीत गेल्या.

शेवटी भेटायला गेलो, तर त्यांना धाप लागली होती. पोरगा चमच्याने पाणी पाजू लागला. त्यांनी तोंड फिरवलं. "ह्याच्या हातचं नगं." मग मी पाजलं. दोन चमचे प्यायल्या. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि पोराकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी मावशी गेल्या. तोंडात पाणी घालायला भावकीने पोरालाच पुढे केलं. ओठ घट्ट मिटलेले होते. त्याने तरी पाणी घातलं. ते गालावरून खाली ओघळलं.