शिशाच्या रानातल्या मेंढ्या

होटगीजवळच्या जुन्या मुरमाच्या खाणीत कुणीतरी वर्षानुवर्षं बॅटऱ्या वितळवून गाळ ओतला. मातीत शिसं मुरलं. ते काढायला आमच्या संस्थेनं तिथं मोहरी पेरली, मुळांशी बुरशी घातली. बुरशीनं मुळांना जोर द्यायचा, मोहरीनं शिसं वर ओढायचं, मग सगळा पाला उपटून विषारी कचऱ्यात धाडायचा. एवढं साधं काम. आमचे प्रमुख चिंतामणी सर, त्यांना एवढं सोडून बाकी सगळं कळत होतं.

मी तिथला कारकून. बाळाबाई वळसंगची, खुरपायला यायची. तिचं घर चाळीस मेंढ्यांवर चालायचं. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, पण सरांच्या भाषणात एकटी तीच जागी असायची.

दिल्लीचे पाहुणे यायचे ठरले आणि नेमकी मोहरी पिवळी पडली. सरांना शक्कल सुचली, मेंढ्या बसवा म्हणे! आपल्याकडं लेंडीखतासाठी रानात कळप मुक्कामाला ठेवतात, रानमालक बदल्यात ज्वारी देतो. बाळाबाईनं तोंडावर नकार दिला. "पाल्यात शिसं हाय, तुमीच सांगितलं की." आता ही मला शास्त्र शिकवणार, म्हणून सर हसले.

ती लेकीच्या बाळंतपणाला माढ्याला गेली, तशी या महाशयांनी तिच्या नवऱ्याला, सिद्धनाथला गाठलं आणि दोन पोती ज्वारी कबूल केली. मेंढ्या काय उपास धरून बसणार होत्या? तीन मुक्कामांत निम्मी मोहरी फस्त झाली. मी बघत होतो आणि गप्प होतो. माझ्याही तोंडावर थुंका.

आठवड्यात मेंढ्या आंधळ्या झाल्या, दात खात कुडाला धडकू लागल्या. बाळाबाई परतली तेव्हा अकरा मेल्या होत्या. जनावरांच्या डॉक्टरांनी यकृतात शिसं सापडल्याचं लिहून दिलं. तर सर मला काय सांगतात? अहवालात घाल, मोहरी शिसं उत्तम शोषते याचा हा पुरावा. आणि मढी खाणीतच पुरा. वा रे विद्वान!

पाहुणे आले त्याच सकाळी बाळाबाईनं मेलेल्या मेंढ्या टेम्पोत घालून खाणीवर आणल्या. रडून रडून तिचे डोळे सुजले होते, आवाज मात्र शांत होता. मला म्हणाली,

"पुरायच्या न्हाईत. शिसं परत मातीत जाईल. पाला जातो तितंच ह्या धाडा. कागदावर कचरा कुणाचा ते लिवावं लागतंय न्हवं? तितं सायबांचं नाव लिवा."

मी कचरा धाडायचा कागद काढला आणि पाहुण्यांदेखत सरांचं नाव लिहिलं.