पाइपातलं चॉकलेट

चॉकलेटच्या कारखान्यात मिश्रणाच्या टाकीवर उभं राहून एका शिंपीणबाईच्या नवऱ्याने उभी हयात घालवली. त्यातून त्याला एकच गोष्ट नीट कळली, आणि त्याने ती सगळ्या जगाला लावली. चॉकलेट घट्ट होऊन पाइपात अडलं, की थोडं लेसिथिन घालायचं. फॉस्फोलिपिड नावाच्या चरबीच्या जातीचा हा पिवळट, चिकट पदार्थ पडला, की तेच चॉकलेट सरसर वाहू लागतं.

हृदयविकाराचा झटका आला, स्टेंट बसला, आणि हा शहाणा घरी येऊन म्हणाला, "मला काय झालंय ते मला कळलंय. पाइप तुंबलाय."

तेव्हापासून रोज सकाळी लेसिथिनचा चमचा. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला व्याख्यान. तब्येत विचारायला आलेला माणूस स्वतःच दमून घरी जाई.

"अहो, आणि गोळ्या?" बायको शिलाई मशीनवरून विचारी.

"घेतो ना. तू आपली कपडे शिव."

एका सकाळी खिडकीतल्या कुंडीला पाणी घालताना तिला मातीत गुलाबी गोळ्या दिसल्या, फुगलेल्या, अर्धवट विरघळलेल्या. रक्त गोठू नये म्हणून दिलेल्या, एकही चुकवू नका म्हणून बजावलेल्या. ती मुठीत माती घेऊन वळली, तोच जिन्यात धप्प आवाज झाला. शेजाऱ्याला पाइप समजावता समजावता महाशय छाती धरून खाली बसले होते.

स्टेंटमध्ये गुठळी झाली होती. ती काढून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळ्या चालू होत्या ना?"

तो छताकडे बघू लागला.

"होत्या," बायको म्हणाली. "कुंडीला."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची ओढली. "काका, फॉस्फोलिपिड तुमच्या अंगात जन्मापासून आहेत. प्रत्येक पेशीचं आवरण त्यांचंच असतं, आणि जखमी हृदय सावरतानाही ती आवरणं लागतातच. पण रक्तवाहिनीतल्या चरबीच्या थरात हीच फॉस्फोलिपिड बिघडली की सूज वाढवतात. आणि तुम्ही चमच्याने खाल्लेलं पोटातच तुटतं. ते छातीत जाऊन झाडू मारत नाही. तुमच्या कारखान्यातला पाइप लोखंडाचा. हा जिवंत आहे, याच्या आत स्टेंटसारखं काही खुपलं की रक्त गोठतं, म्हणून त्या गोळ्या."

"पण चॉकलेट तर..."

"तुम्ही चॉकलेट नाही!" बायको म्हणाली. रडू आवरायला तिच्याकडे चिडण्याशिवाय दुसरं काही नव्हतं. "चॉकलेट असतात, तर एव्हाना मला कुणीतरी विचारलं असतं, नवरा गोड आहे का म्हणून."

घरी आल्यावर ती लेसिथिनची बरणी उचलायला गेली, तर त्याने हात आडवा केला. "माल चांगलाच होता. पाइपच जुना निघाला."

तिने एका हातात बरणी धरली, दुसऱ्या तळव्यावर गुलाबी गोळी ठेवली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

त्याने कुंडीकडे पाहिलं. तिच्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून तोंड उघडलं.

"गिळा," ती म्हणाली. "आणि जीभ वर करून दाखवा."