पुडीत काय होतं

जॉकीमामा कुणाच्याही हातातून काही घेत नसत. चहाचा कप असो, सुपारीचं खांड असो की पोस्टमनने आणलेलं पत्र असो, ते दोन्ही हात पाठीमागे नेत आणि म्हणत, "थंय खाली ठेव." वस्तू ओट्यावर टेकली, देणाऱ्याची बोटं सुटली, की मगच ती उचलत. आचऱ्यात नव्याने आलेल्या माणसाला हा अपमान वाटे. गावाला मात्र सवय झाली होती. "जाकी सोवळ्यातलो," म्हणून लोक हसत. देवळातला गुरवसुद्धा त्यांचा प्रसाद केळीच्या पानावर ठेवून पान कट्ट्यावर सरकवत असे.

माझ्या हातातून मात्र ते घेत. त्या गावात फक्त माझ्या. लोक त्याला लाड समजत. खरं कारण मामांना आणि मलाच माहीत आहे, असं मी पुष्कळ वर्षं धरून चालले होते.

ते माझ्या आईचे चुलतभाऊ. लहानपणीच मुंबईला गेले, ते शर्यतीच्या घोड्यांच्या तबेल्यात, मोतद्दारी करणाऱ्या आपल्या काकांकडे. घोड्यांना खरारा करता करता पंधरा वर्षांचे झाले, पण उंची वाढली नाही आणि अंगावर मांस चढलं नाही. दुसऱ्या घरात अशा मुलाची काळजी केली असती, तबेल्यात त्याला घोड्यावर बसवलं. मी त्यांना ओळखू लागले तेव्हा ते जॉकी होते, रंगीत रेशमी सदरा घालून शर्यतीत घोडे पळवत होते. मामी गावीच असत, त्यामुळे रविवारी ते आमच्याकडे यायचे.

यायचे, पण जेवायचे नाहीत. आई बांगड्याचं तिखलं करायची आणि मामा स्वयंपाकघराच्या दारात बिनसाखरेचा कोरा चहा घेऊन बसायचे. "वासान वजन वाढणा नाय गो," असं आईला सांगून पुन्हा एकदा खोल श्वास घ्यायचे. शनिवारी काट्यावर अर्धा शेर जास्त भरला तर घोडा दुसऱ्याला मिळे. एवढं उपाशी राहून इतका आनंदी असलेला माणूस मी पुढेही पाहिला नाही.

मी कॉन्व्हेंटमध्ये होते. शाळेत इंग्रजी, घरात मराठी आणि सुट्टीत आचऱ्याला मालवणी, अशा तीन भाषा मला कळत होत्या आणि तिन्हींत मी गप्प असे. पाहुणे आले की आई मला पुढे ढकलायची आणि मी तिच्या पदरामागे जायचे. मामा मला कधी "नाव सांग", "कविता म्हण" असं म्हणाले नाहीत. भित्र्या जनावरांची त्यांना सवय होती.

एकदा त्यांनी आम्हाला तबेल्यात नेलं होतं. एक तरणी घोडी दोन पुरुष दोर ओढत असतानाही फाटकातून बाहेर पडेना. मामांनी दोघांना बाजूला केलं, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि मालवणीत म्हणाले, "गेल्या शनिवारी जिंकललंस मा तू? मगे आज कित्याक भितंस?" थोड्या वेळाने ती त्यांच्यामागून चालत गेली. बाबा म्हणाले, "अहो, ती तर अजून एकदाही धावली नाही!"

"ता तिका खंय म्हायत आसा?" मामा म्हणाले. "आपण सांगूचा. खरा करूचा काय नाय, ता ती बघतली."

मी आठ वर्षांची असतानाची एक शर्यत मोठी होती. मामींनी गावच्या देवाला कौल लावला होता आणि उजवा कौल मिळाला होता. देवाच्या उजव्या अंगावरून पडलेली ती जास्वंदीची पाकळी आणि खोबऱ्याचा एक तुकडा त्यांनी बोटीने येणाऱ्या एका शेजाऱ्याबरोबर पाठवला. आईने माझ्यासमोर दोन्ही तांबड्या कागदात बांधून पुडी माझ्या मुठीत दिली. तिला स्वतःला यायला जमणार नव्हतं. "मामा जिंकला की त्याच्या हातात दे. देवाचं आहे, जमिनीवर टेकवू नकोस," एवढं तिने दोनदा सांगितलं.

मामा जिंकले. शर्यत संपल्यावर घोडे परत येतात ती वाट कठड्याला लागून होती. बाबा गर्दीत मागे राहिले आणि मी लहान असल्यामुळे पुढे सरकले. घामाने भिजलेला मामांचा घोडा अगदी माझ्यासमोरून हळूहळू चालला होता. मी कठड्यातून हात बाहेर काढून पुडी वर धरली. मामांनी मला पाहिलं, पुडी पाहिली. वाकून त्यांनी ती घेतली, कपाळाला लावली, सोडली आणि आतलं सगळं तोंडात टाकलं. कागद खाली चिखलात पडला. मागून येणाऱ्या घोड्यांनी तो तुडवला.

शर्यतीचा एक नियम मला तेव्हा माहीत नव्हता. घोड्यावरून उतरून खोगिरासकट काट्याच्या खुर्चीत बसेपर्यंत जॉकीने बाहेरच्या कुणाच्या हातून काहीही घ्यायचं नाही. घोड्याने ठरल्याएवढं वजन वाहिलं की नाही ते तिथे बघत; वाटेत कुणी शिशाचा तुकडा देऊन कमी पडलेलं वजन भरून काढील, म्हणून तो नियम. मामांना अर्थातच तो पाठ होता. पण आमच्याकडे प्रसाद समोर आला की हात विचारायला थांबत नाही.

दुसऱ्या आलेल्या घोड्याच्या मालकाने लगेच तक्रार केली आणि तासाभरात चौकशी बसली. हिरवं कापड घातलेल्या टेबलामागे तीन साहेब होते. मामा टोपी हातात घेऊन उभे होते, बुटांना चिखल होता म्हणून सतरंजीच्या कडेला. घोड्यावर ते मला नेहमी मोठे दिसत, तिथे माझं डोकं जवळजवळ त्यांच्या खांद्याला लागत होतं. एवढा लहान मोठा माणूस मी त्या दिवशी प्रथम पाहिला.

जिंकलेली शर्यत जाणार होती, ते नियमाने ठरलेलंच होतं. प्रश्न राहिला होता तो परवान्याचा. पुडीत काय होतं? मामांनी खोबरं आणि फूल म्हणून सांगितलं, तेव्हा एक साहेब जरासा हसला. आरोपी माणूस काहीतरी सांगणारच. बाबा नातेवाईक आणि त्यांनी पुडी उघडी पाहिलेलीही नव्हती. राहिले मी. लहान मूल खोटं बोलणार नाही, म्हणून मला आत बोलावलं होतं.

मधल्या साहेबाने मला अगदी मायेने, इंग्रजीत विचारलं, "बाळ, त्या कागदात काय होतं?" मला प्रत्येक शब्द कळला. दाराशी उभ्या असलेल्या शिपायाने तेच मराठीत विचारलं. तेही कळलं. खोबऱ्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला पहिलीपासून येत होतं. टेबलावर पाण्याचा जग होता, मण्यांची जाळी घालून झाकलेला. माझा घसा सुकला होता आणि मी त्या मण्यांकडे बघत उभी होते. साहेबाने पुन्हा विचारलं. मी मणी मोजू लागले.

"साहेब, पोरीला पुरे करा," मामा म्हणाले. कचेरीत बोलायचं त्यांचं मराठी फार जपून, शब्दाशब्दावर पाय ठेवत यायचं. "तिचा काही दोष नाही. हात माझा पुढे गेला."

परवाना वर्षभरासाठी गेला. वजनाच्या लबाडीचा संशय, असं कागदावर आलं.

आम्ही बाहेर पायऱ्यांवर आलो. मामांनी माझं बोट धरलं आणि म्हणाले, "चल गो, आता वरीसभर पोटभर जेवतलंय." त्या रविवारी त्यांनी आमच्याकडे तीन वेळा भात घेतला. आई वाढत होती आणि डोळे पुसत होती. मी ताटावर मान घालून बसले होते. मामा आईला सांगत होते की मीठ किंचित कमी आहे.

वर्ष सरल्यावर परवाना मिळाला, पण संशय आलेल्या जॉकीला चांगले घोडे कोण देणार? ते आचऱ्याला परत आले आणि भातशेती, माडांचं शिंपणं करू लागले. मी दहा वर्षांची असताना मे महिन्यात आम्ही गेलो, तेव्हा मी त्यांना टाळत होते. मामींनी त्यांना पाणी द्यायला पाठवलं तर मी तांब्या ओट्यावर ठेवून वळले. "हातात दी," मामा म्हणाले. मी उभीच राहिले. "तुझ्या हातातसून एकदा घेतलंय. आता मोडूचा कित्याक?"

त्याच सुट्टीत एका संध्याकाळी मी त्या चौकशीची गोष्ट मामांच्या तोंडून ऐकली. ओटीवर शेजारचे बाबीकाका आणि आणखी चारजण बसले होते आणि मामा सांगत होते, "...आणि आमचा चेडू फुडे झाला. ह्या एवढासा! टेबलावर हात ठेवल्यान आणि सायबाक इंग्लिशमधून सांगितल्यान, तो आमच्या देवाचो प्रसाद आसा. खोबरा आणि फूल. दुसरा काय नाय! सायब खुर्चीत ताठ बसलो."

मी दारामागे होते. माझे कान तापले.

"आणि मगे तुका शिक्षा कशी झाली रे?" बाबीकाकांनी विचारलं. त्यांना कुणाचंही बोलणं उसवल्याशिवाय राहवत नसे.

"मेल्या, शिक्षा नेमाची झाली. तेका चेडू काय करतला? पण लबाड म्हणान नाव जावचा होता, ता ह्येना वाचवल्यान."

दरवर्षी ती गोष्ट वाढत गेली. एका सुट्टीत साहेबाने उठून माझ्याशी हस्तांदोलन केलं. पुढच्या सुट्टीत साहेबाची बायकोही तिथे होती. बाजारात अनोळखी बायका माझी हनुवटी धरून म्हणत, "ह्याच काय ता सायबाशी बोलललां?" मी मान खाली घालायचे आणि त्या मला विनयशील म्हणायच्या. खरं सांगायला हवं होतं, पण सांगायला तोंड उघडायला लागतं. मामा माझी थट्टा करत नव्हते, हे मला समजत होतं. मग ते काय करत होते, ते समजत नव्हतं.

गावातल्या मुलांचे तंटे ते सोडवत. कुणी कैऱ्या पाडल्या, कुणी होडीचं वल्हं पळवलं की ओटीवर चौकशी बसे. मामांची एकच रीत होती. आरोपीला आधी पाण्याचा तांब्या. "पाणी पी आदी. घाई नाय." तो पिऊन होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. तो बोलू लागला की त्याचं संपेपर्यंतही कुणी बोलायचं नाही. बाबीकाका एकदा कुरकुरले, "चोराक पाणी कसला पाजतंस? पाजूचो तो मार!" मामा म्हणाले, "सुक्या घशातसून खरा बाहेर येणा नाय." तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दामच पाहिलं नसावं.

मी कॉलेजला गेले, पदवी घेतली. वर्गात माझ्या आवाजाची कुणाला ओळख नव्हती. मी बावीस वर्षांची असताना मामा आजारी असल्याचं कळलं. मी बोटीने मालवणला उतरले आणि तिथून आचऱ्याच्या गाडीत बसले. वाटभर एकच वाक्य घोकत होते. मामा, त्या दिवशी मी बोलले नाही, म्हणून तुमचं सगळं गेलं.

ते खाटेवर होते, आता खरोखरच मुलाएवढे झालेले. मी पेजेची वाटी पुढे केली. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली, दोन घोट प्यायले. "सायबाशी बोलललंस, ता आठवता मा तुका?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मलाही सांगता येणार नाही. घोकलेलं वाक्य तसंच परत घेऊन मी मुंबईला आले. पंधरा दिवसांनी तार आली.

तेराव्याला मी आईबरोबर गेले. जेवणं झाली आणि माणसं ओटीवर टेकली. मामांची गोष्ट निघणारच होती. बाबीकाका म्हणाले, "सांगणारो गेलो. आज तूच सांग गो बाय. कसा बोलललंस सायबाशी?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी उभी राहिले. ओटीचा खांब धरला.

"मी बोलले नव्हते," मी म्हणाले. "एक शब्दही नाही. मामा खोटं सांगत होते. मी बोलले असते तर त्यांचा परवाना राहिला असता."

कुणी दचकलं नाही. मामी उष्टी पानं उचलत होत्या, त्यांनी मान वर केली. "ता आमका म्हायत आसा," त्या म्हणाल्या.

"सगळ्यांका म्हायत आसा," बाबीकाका म्हणाले. "गावाक इलो त्याच दिवशी सांगितल्यान तेना. आणि बजावल्यान आमका. चेडू इला की तेका सांगीत रवा, तू बोललंस म्हणान. एक दिवस ता खरा करतला." ते माझ्याकडे वळले. "बारा वर्सा खोटा बोललंव गो आमी तुझ्यापायी. माझ्यासारख्या माणसाक किती कठीण गेला असात!"

बायका हसल्या, मामी हसल्या, आणि हसता हसता त्यांनी पदर तोंडाला लावला. मला काही दिसेनासं झालं.

बाबीकाका उठले. कोपऱ्यातला तांब्या त्यांनी भरून आणला. या घरातल्या सवयीने ओट्यावर ठेवायला वाकले, मग थांबले आणि तो त्यांनी माझ्या हातात दिला.

"पाणी पी आदी," ते म्हणाले. "घाई नाय."

मी प्यायले. माझं पिऊन होईपर्यंत ओटीवर कुणी बोललं नाही.

"आता सांग. पुडयेत काय होता?"

"खोबरा होता," मी म्हणाले. "आणि जास्वंदीची एक पाकळी."