भजनावर मोजलेला वेळ

बंगळूरजवळ येलहंक्याच्या आमच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकासाठी काचा रंगवणारे अण्णा कधी घड्याळ लावत नसत. काच जांभळ्या रंगात बुडवून एक भजन गुणगुणायचं. ते संपलं की काच बाहेर. पेशींची केंद्रकं कशी रेखीव उठत!

एकदा गळ्यात ओळखपत्र आणि चेहऱ्यावर गांभीर्य अडकवून तपासणी समिती आली. "या काचेवर केंद्रकं फिकट का?" त्यांनी विचारलं. तो नमुना वेळेत पेशी टिकवणाऱ्या फॉर्मलिनमध्ये ठेवायला मीच विसरलो होतो, आणि अण्णांना ते ठाऊक होतं.

"हे भजनावर वेळ मोजतात," मी म्हणालो. समिती हसली.

"सरी सर," अण्णा कानडीत होकार देत म्हणाले, "माझीच स्वल्प घाई झाली."

चुकांच्या वहीत त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. त्यांचं कंत्राट त्याच वहीवर ठरतं. खाली 'पडताळले' असं छापलेलं आहे. तिथे मी सही केली.