गिरकीबाईंचे कोरडे पाय

गिरकीबाई पहिल्यांदा दिसल्या त्या बांबूच्या कामट्यांच्या ढिगात, पाय पसरून, दातांनी सुतळी तोडताना. साठी उलटलेली, आवाज मात्र असा की शेवटच्या रांगेतला डुलकी घेणाराही दचकून जागा व्हावा. मी तर तिथेच फिदा झाले.

तळ्याकाठचं ते गाव म्हणजे जंगलाला टेकलेली एक गल्ली. शनिवार-रविवारी शहरातली हौशी मंडळी तिथे हाताची कामं शिकायला येतात. आम्ही दोघं टोपलीहोडी करायला गेलो होतो. मी जन्मभर रंगमंचावर बोलले आणि आमचे यजमान जन्मभर विंगेत बसून मला वाक्यं पुरवत आले. दोघांनी मिळून केलेली एक तरी वस्तू असावी, एवढीच हौस.

टोपलीहोडी ही खरोखरच एक अवाढव्य गोल टोपली. कामट्या विणायच्या, बाहेरून जाड कापड ताणून शिवायचं आणि त्यावर डांबराचे दोन हात द्यायचे. शिकाऊ माणसाच्या होडीत आधी गिरकीबाई स्वतः बसायच्या. तळ्याच्या मध्यावर जाऊन वल्ह्याच्या एका फटक्यात गिरकी घेतली की होडी पास. नाव पडलं ते त्यावरूनच.

"त्या गिरकीसाठीच तर शिकवते," त्या मला म्हणाल्या. "नाहीतर तुमच्यासारख्यांची शिवण कोण उसवत बसेल?"

पण आमची होडी विणून-शिवून झाली, त्या शनिवारी त्यांची लेक शहरातून आली होती, रिकामी बॅग घेऊन. गेल्या थंडीत कुणाची तरी होडी मध्यावर बुडाली होती, आणि गिरकीबाई महिनाभर खोकत अंथरुणात होत्या.

"आई, उद्या शेवटची परीक्षा तुझी," लेक म्हणाली. "पाय ओले झाले तर सोमवारी माझ्याबरोबर यायचं. कायमचं."

"आणि कोरडे राहिले तर?"

"तर मी तोंड उघडणार नाही."

"ते जमेल का तुला?" असं म्हणून गिरकीबाईंनी माझ्या हातात कुंचा दिला आणि त्या कामट्या सोलायला गेल्या.

काय रंगवली म्हणून सांगू ती होडी! समोर व्हरांड्यात चहा पीत बसलेली मंडळी, हातात कुंचा, अंगात वारं शिरलेलं. संध्याकाळी होडी काळ्याभोर आरशासारखी चमकत होती.

रविवारी सकाळी गिरकीबाई पाय पोटाशी घेऊन आत बसल्या आणि वल्हं मारत निघाल्या. धक्क्यावर लेक, मी आणि आमचे हे. होडी मध्यावर पोहोचली, आणि यजमान सवयीने माझ्या कानाशी कुजबुजले, "मागच्या बाजूला दुसरा हात दिलास ना?"



"मागची बाजू म्हणजे?" लेकीने विचारलं. "गोल आहे ती."

"व्हरांड्यातून दिसत नव्हती ती बाजू," मी म्हणाले. आमच्या नाटकांतले राजवाडे पुढून संगमरवरी आणि मागून नुसतं फळकूट असायचे. हाताला तेच वळण.

लेकीने माझ्याकडे असं पाहिलं की मी वाक्यच विसरले. मग तिने मागचापुढचा विचार न करता पाण्यात उडी घेतली. तळ्याकाठची पोर, माशासारखी पोहत होडीपाशी पोहोचली.

"चपला तरी काढायच्या होत्यास," वरून गिरकीबाई.

"तू गप्प बस. पाणी कुठून येतंय?"

"पाठीमागून. पायापर्यंत नाही आलं अजून."

लेक पुढच्या बाजूने आत चढली. तिच्या वजनाने होडी पुढे कलली आणि पाझरणारी बाजू पाण्याच्या वर आली. पण होडीच्या तळाशी साचलेलं पाणी आता पुढे धावलं. ते आईच्या तळव्यांना लागणार, तोच लेकीने पोटऱ्या धरून ते दोन्ही पाय उचलले आणि तळवे हवेत राहतील असे आपल्या ओल्या मांडीवर घेतले. पाय वर गेले तशा गिरकीबाई उताण्या झाल्या, वल्हं पाण्यावर आपटलं आणि होडी फिरायला लागली. एक गिरकी, दुसरी, तिसरी. दोघी एकमेकींना धरून इतक्या हसत होत्या की वल्हं कुणी मारेना. धक्क्यावर आमचे यजमान नव्या नाटकाला मारावी तशी शिट्टी मारत होते.

शेवटी धक्क्याला लागल्यावर गिरकीबाईंनी पाय उंच करून तळवे सगळ्यांना दाखवले. कोरडे ठणठणीत.

"माझ्या मांडीवर होते म्हणून," लेक म्हणाली. तिच्या केसांतून पाणी गळत होतं.

"कुठे ठेवायचे ते कुठे ठरलं होतं?"

लेक तोंड उघडणार होती. मग तिला कालचा दिलेला शब्द आठवला असावा. तिने ओठ घट्ट मिटले, ओल्या चपला धक्क्यावर काढून ठेवल्या आणि डांबराचा डबा घेऊन आली. होडी पालथी घातली, अर्धवट राहिलेली बाजू नेमकी व्हरांड्यासमोर येईल अशी फिरवली, आणि कुंचा माझ्या हातात दिला.