सासूबाईंचं बाथरूम आणि माझा शिलालेख

माझ्या संशोधनामुळे केळझरजवळच्या एका गावात नवा देव प्रकट झाला.

मी वर्ध्याच्या शाळेत इतिहास शिकवतो. गेल्या दिवाळीत सासुरवाडीला गेलो, तेव्हा मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, अंगणातली कापसाची जुनी दगडी कोठी पाडायची ठरवली होती. सासूबाईंचे गुडघे पार गेले होते. त्यांच्यासाठी त्या जागी कमोडचं बाथरूम व्हायचं होतं. जेसीबी दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता, आणि नेमका आदल्या संध्याकाळी मला कोठीच्या दाराशी रेघारेघांचा एक दगड दिसला. (इतिहासाच्या मास्तराला रेघ दिसली की तिचा शिलालेख व्हायला कितीसा वेळ!)

फोटोत रेघा काही उठेनात. अशा वेळी त्यांत खडू भरतात, पण दिवाळीच्या सुट्टीत खडू कोण सोबत नेतो? देवघरात शेंदराची डबी होती. मी शेंदूर तेलात कालवला आणि दगडाला सढळ हाताने फासला. फोटो झकास आला! दगड पुसायचा तेवढा राहून गेला.

सकाळी पाहतो तर शेजारच्या काकू दगडापुढे हात जोडून उभ्या. मग फुलं आली, नारळ फुटला, कुणीतरी उदबत्ती खोवली. तेवढ्यात जेसीबीवाला आला. त्याने चपला काढल्या, दर्शन घेतलं आणि मशीन मागे वळवलं.

"देवाले मी हात नाई लावत, मामा."

हा देव नसून प्राचीन शिलालेख आहे, असं मी तावातावाने समजावू लागलो. मामाजींनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"जावईबापू, त्या दगडावर आमचे बाबा इळे पाजवत."

म्हणजे त्या रेघा विळ्यांना धार लावल्याच्या; शिलालेख गेला आणि देव तेवढा राहिला! मी लाजेने अर्धा झालो. शेंदूर पुसायला ओला फडका घेऊन धावलो, तर काकूंनी अशा नजरेने पाहिलं की त्या फडक्याने मी आपलं तोंडच पुसलं.

सासूबाई काठी टेकत परसाच्या टोकाच्या जुन्या संडासाकडे निघाल्या, तेव्हा मात्र मला मान वर करवेना. वाटेत त्या दगडापुढे थांबल्या, डोळे मिटून पुटपुटल्या. काय मागितलं, असं मी चाचरत विचारलं.

"काई नाई जी. पुढच्या दिवाळीले जावईबापूले वर्ध्यातच ठेव म्हटलं."

देव भलताच जागृत निघाला. यंदा दिवाळीचं बोलावणं आलं, पण ते फक्त बायकोला.