दसऱ्याला समुद्र ओसरत नाही

आम्हा तिघांच्या सुट्ट्या कधीच जुळल्या नाहीत. निघोजे गावचा मित्र चाकणला कंपनीत, त्याला गुरुवारी सुट्टी. दुसऱ्याचं चिंचवडला गॅरेज, ते शुक्रवारी बंद. मी वाकडचा आयटीवाला, माझे शनिवार-रविवार. डिप्लोमाला एका बाकावर बसलेलो आम्ही, पण तिघांनी मिळून चहा प्यायचा म्हटलं तरी कुणाला तरी थाप मारावी लागायची. सहली ठरायच्या भरपूर, निघायची एकही नाही. त्याचं फारसं काही वाटायचंही नाही.

यंदा मात्र जीव टांगणीला लागला होता. निघोज्याच्या मित्राची नजर कडेकडून बंद होत चालली होती. समोरचं स्वच्छ दिसायचं, बाजूचं नाही, आणि दिवेलागणीनंतर जवळजवळ काहीच नाही. यावर औषध नाही आणि हे किती टिकेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. कंपनीत त्याचं काम रंग तपासायचं. गाडीच्या दारावरचा केसाएवढा ओरखडा तो अजूनही पकडायचा आणि वळताना शेजारच्या ट्रॉलीवर जाऊन आदळायचा. डोळ्यांचं त्यानं कंपनीत कुणालाच कळू दिलं नव्हतं. कळलं असतं तर ते काम गेलंच असतं.

त्यानं मोबाइलवर जामनगरच्या पुढचं समुद्रातलं राष्ट्रीय उद्यान बघितलं होतं. ओहोटीला तिथं पाणी मागं सरतं आणि माणसं घोट्याएवढ्या पाण्यातून समुद्राच्या तळावर चालतात. पायाशी जिवंत प्रवाळ, तारामासे, नशीब असेल तर ऑक्टोपस.

"समुद्र बघितलाय मी, लांबनं," तो म्हणाला. "आता त्याच्या पोटात काय हाय ते बघायचंय. नंतर तुमी सांगत बसाल आन् मी नुसतं व्हय व्हय करंन, त्यात काय मजा न्हाई."

मग आम्ही कॅलेंडर काढलं. तिघांनाही मोकळा असा एकच दिवस निघाला, दसरा. खंडेनवमीला कंपनीतली मशीनची पूजा उरकली की निघायचं आणि दसऱ्याला लागून आलेला गुरुवार धरून परत यायचं. गॅरेजवाल्यानं प्रवासाआधी तपासायला म्हणून स्वतःच्या गाडीचं इंजिन खोलून ठेवलं. पुढच्या सीटवर मी, हे नेहमीसारखं मीच जाहीर केलं, कारण मला गाडी लागते.

सगळं ठरल्यावर मी तिथल्या एका गाइडला फोन केला. तो हसला. दसऱ्याच्या सुमाराला पाणी पुरतं उतरत नाही, म्हणाला. प्रवाळ बघायचं तर पौर्णिमेच्या नाहीतर अमावास्येच्या आसपास या. मी त्याच्यावरच ओरडलो. दसऱ्याला समुद्र ओसरत नाही ही काय त्या बिचाऱ्याची चूक? आम्ही देशावरची माणसं, जन्मभर कॅलेंडरात फक्त लाल आकडे शोधलेले. तिथी तिथंच खाली छापलेली होती. समुद्र आमच्या शिफ्टप्रमाणे चालेल असं आम्ही धरून बसलो होतो.

म्हणजे आता कोजागिरी. माझी रजा एका मेलवर झाली. गॅरेजला कुलूप लावायला कुणाची परवानगी लागत नव्हती. अडलं निघोज्याच्या मित्राचं. दसरा ते दिवाळी कंपनीत गाड्यांची घाई, ओव्हरटाइम; घरात मयत झाल्याशिवाय रजा नाही. त्याची आत्या आधीच दोनदा वारली होती, तिसऱ्यांदा ती खपली नसती.

"माझी खाला घे भावा, तुझी मावशी म्हणून," गॅरेजवाला म्हणाला. "ठणठणीत आहे, नाही म्हणणार नाही."

हसलो आम्ही. मग मीच म्हणालो, "दिवाळीनंतरच्या पौर्णिमेला जाऊ. एका महिन्याचा तर प्रश्न आहे." गॅरेजवरचा पोऱ्या नव्हता म्हणून गॅरेजवाल्यानंच चहा आणून बाकावर ठेवला. निघोज्याच्या मित्राचा हात ग्लासाच्या बाजूनं दोनदा नुसताच फिरला. शेवटी त्यानं पूर्ण मान वळवली, तेव्हा कुठं ग्लास सापडला. मला इतकं भरून आलं की मी गाडीखाली काहीतरी बघायच्या निमित्तानं वाकलो.

खंडेनवमीला मी गॅरेजवर गेलो. दरवर्षी या दिवशी तो पाने, जॅक, सगळं घासूनपुसून ओळीनं मांडतो आणि गिऱ्हाइकं त्यावर फुलं वाहून जातात. दुपारी निघोज्याचा मित्र आला, कंपनीच्याच कपड्यात, कपाळाला गुलाल, हातात पेढ्यांचा पुडा.

"कोजागिरीची रजा झाली," तो म्हणाला.

"कोण मेलं?" गॅरेजवाल्यानं विचारलं.

"कोन न्हाई. पूजा झाल्यावर सायबांना बाजूला घेतलं आन् डोळ्यांचं सांगून टाकलं."

माझं डोकंच सटकलं. "वेडा आहेस का तू? दोन दिवसांच्या फिरण्यासाठी? काम घालवशील!"

"गेलंच म्हन. सायेब म्हनले, जाऊन या, आल्यावर मेडिकल करू. तिथं काय निघनार, ते मला ठाऊक हाय." त्यानं पुडा सोडून आमच्यापुढं धरला. "कधीतरी जानारच व्हतं राव. महिनाभर आनखी ओरखडे बघून काय करू?"

मला शिव्या द्यायच्या होत्या, आणि त्याला घट्ट धरूनही ठेवायचं होतं. यातलं काहीच जमलं नाही. मी पेढा तोंडात टाकला.

निघोज्याचा मित्र गॅरेजवाल्याच्या गाडीपाशी गेला, दार चाचपलं आणि पुढच्या सीटवर बसून बघितलं.

"तुला गाडी लागती, ठाऊक हाय," समोरच्या काचेतून बघतच तो म्हणाला. "पन ह्या टायमाला पुढं मी बसनार. समोरचं तेवढं दिसतंय अजून."